'ज'खालचा ठिपका

नोकरीत तुम्ही नेमकं काय करत होता, असं कुणी विचारलं की मी सांगते, "मी माणसं बसवत होते." समोरचा गोंधळतो. बसवत म्हणजे? गणपती बसवतात तसं? मी म्हणते, जवळजवळ तसंच. फक्त आमच्याकडे विसर्जन अठ्ठावन्नाव्या वर्षी व्हायचं आणि तोपर्यंत मखर तीनदा बदलायचं.

मी केंद्र सरकारच्या एका व्यापारविषयक कार्यालयात आस्थापना शाखेची अधीक्षक होते. आस्थापना म्हणजे ऑफिसचं स्वयंपाकघर. नेमणुका, बदल्या, रजा, ज्येष्ठता, सेवापुस्तकं, सगळं तिथे शिजतं आणि वाढताना वाफ आली नाही तर शिव्याही तिथेच येतात. बाहेरच्या लोकांना वाटतं, सरकारात माणसं असतात. आमच्या शाखेला विचारा. सरकारात पदं असतात. माणसं त्यांच्यावर काही काळ टेकलेली असतात. पद मंजूर असेल तर खुर्ची रिकामी असली तरी ती आहे; आणि पद रद्द झालं तर खुर्चीत बसलेला धडधाकट माणूससुद्धा कागदावर दिसत नाही. हे एकदा समजलं की आमचं निम्मं काम समजलं.

नागपूरहून बदली होऊन मी लखनौला आले तेव्हा मुलगी तिसरीत होती आणि नवरा तिथल्याच एका बँकेत आधी येऊन बसला होता. घर विकास नगरमध्ये, ऑफिस हजरतगंजात. टेंपोतून जाता-येता पाठीचा कणा ढिला व्हायचा. त्याहून मन ढिलं व्हायचं ते नावामुळे. मी मेश्राम. लखनौत हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या कानात शिरेपर्यंत त्याचं 'मिश्रा' झालेलं असायचं. "आइए मिश्रा मैडम," म्हणून आमच्या शाखेतले शुक्लाजी पहिल्या दिवशी खुर्ची पुढे करून उभे राहिले. मी म्हटलं, मिश्रा नाही, मेश्राम. ते म्हणाले, "एक ही बात है." एकच बात नव्हती, हे त्यांना आठवड्याभरात कुणीतरी समजावून सांगितलं असावं, कारण त्यानंतर खुर्ची माझी मीच ओढून घेऊ लागले. पगारपत्रकावर मात्र पुढचे चार महिने मी मिश्राच होते.

सगळ्या ऑफिसात एकाच माणसानं माझं नाव पहिल्या खेपेला नीट घेतलं. रिझवी साहेब. परवाना शाखेतले वरिष्ठ सहायक, पंचावन्नच्या आसपासचे, अंगात कायम करडं जाकीट. टेबलावरची माझी पाटी त्यांनी चष्मा वर करून वाचली, ओठांत एकदा बोलून बघितली आणि मग म्हणाले, "मे-श्राम साहिबा. ये नाम कहाँ का होता है?" नागपूरचं, मी म्हटलं. "तो वहाँ के लोग मेहनती होंगे. नाम में ही श्रम है." माझ्या आडनावाची अशी फोड मीही कधी केली नव्हती. खरी आहे की नाही कोण जाणे, पण मला आवडली.

हिंदी मला येत होतीच. नागपूरच्या माणसाला हिंदी येते, असा नागपूरच्या माणसाचा समज असतो. पण आमची हिंदी बाजारातली, आणि लखनौची फायलीतली. एकदा मी शुक्लाजींची थट्टा केली, त्यांना राग आला असं वाटलं, म्हणून सारवासारव केली, "बुरा मत मानिए, मैं तो चेष्टा कर रही थी." त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. "करती रहिए, करती रहिए. चेष्टा करने वालों की हार नहीं होती." चेष्टा म्हणजे तिकडे प्रयत्न, हे मला संध्याकाळी माझ्या मुलीनं सांगितलं, तेही हिंदीत, कारण तोवर ती मराठी ऐकायची फक्त, बोलायची नाही. मी खूप हसले. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

आता मुख्य गोष्ट. नव्वदनंतरची ती वर्षं आमच्यासारख्या ऑफिसांना फार अस्वस्थ गेली. पूर्वी परदेशातून काही आणायचं, काही पाठवायचं तर परवाना लागायचा आणि परवाना आमच्याकडून मिळायचा. परवाना शाखेबाहेर बाकावर लोक सकाळी नऊपासून बसलेले असायचे, डबा घेऊन. मग हळूहळू बाक रिकामा होत गेला. परवाने एकेक करून उठू लागले. पंच्याण्णव साल उजाडलं तेव्हा जगातल्या देशांचा नवा व्यापार करार लागू झाला होता. कापडाचे कोटे टप्प्याटप्प्यानं जाणार होते, नवे नियम येणार होते, आणि कारखानदाराला आता आमचा शिक्का नको होता, सल्ला हवा होता. म्हणजे ज्यांनी आयुष्यभर "नाही" म्हणायचं काम केलं, त्यांनी आता "असं करा" म्हणायला शिकायचं होतं.

दिल्लीहून परिपत्रक आलं. लखनौत या नव्या करारासाठी एक खास सेल उघडायचा. अकरा पदं. नवी भरती नाही. आहे त्यातूनच माणसं घ्या. परवाना शाखा बंद. त्या शाखेतल्या प्रत्येकानं लेखी कळवावं, तीनपैकी काय हवं ते: सेलमध्ये जायचंय, की जादा कर्मचारी म्हणून सरकार नेईल तिथे जायचंय, की नोकरी सोडायचीय. सेलमध्ये जाणाऱ्यानं जुन्या पदावरचा हक्क सोडतो असं लिहून द्यायचं, म्हणजे उद्या सेल बुडाला तर हा परत येऊन दार ठोठावणार नाही. दिल्लीकरांना सगळं लेखी लागतं.

आणि हे सगळं जमवायची जबाबदारी कुणाची, तर आस्थापनेची. मुदत दहा दिवस.

त्या दहा दिवसांत ऑफिसात कुणी जागेवर बसत नव्हतं. जो तो उठून दुसऱ्याच्या टेबलापाशी. "तुमने क्या भरा?" एकानं विचारलं, सेलमध्ये कूलर असेल का. एक टायपिस्ट होते, त्यांना कुणीतरी सांगितलं की या कराराचं मुख्य ऑफिस जिनिव्हात आहे, ते रोज येऊन विचारायचे, "मैडम, जिनेवा कितने महीने में भेजेंगे? गरम कपड़े सिलवाने हैं." संचालक साहेबांनी उत्साहानं जिन्यापाशी तात्पुरती पाटी लावली, 'विश्व व्यापार सेल', तर दोन बायका खरेदीच्या पिशव्या घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढून आल्या. "भैया, सेल कब तक है?" शुक्लाजी म्हणाले, "बहनजी, माल हम ही हैं. देख लीजिए." सगळे हसले, पण हसू फार टिकलं नाही.

मी स्वभावानं धास्तावणारी. घराचं कुलूप लावल्यावर जिना उतरून परत वर जाऊन बघणारी. त्या दिवसांत तर मला बसल्या जागी पाय हलवायची सवय लागली. चौसष्ट माणसं आणि अकरा खुर्च्या. संगीत खुर्चीत निदान संगीत तरी असतं. त्यातून मी बाहेरची. मी कुणाला घेतलं तर का घेतलं आणि वगळलं तर का वगळलं, याच्या गोष्टी चहाच्या टपरीवर आधीच तयार होत्या.

एका नावाबद्दल मात्र माझ्या मनात शंका नव्हती. रिझवी साहेब. या माणसाला कापड कळायचं. भरतकाम केलेला कुर्ता परदेशी बंदरात उतरतो तेव्हा तो कोणत्या आकड्याखाली मोडतो, यावर त्याची जकात ठरते. हाताचं भरतकाम वेगळं, यंत्राचं वेगळं, सुती वेगळं, मिसळ धाग्याचं वेगळं. आकडा चुकला की माल अडकला. रिझवी साहेब कुर्ता उलटा करायचे, टाक्यांवरून अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, "हाथ का है. लेकिन दो अलग हाथों का. आस्तीन किसी और ने काढ़ी है." सेल त्यांच्यासारख्यांसाठीच होता. मी वाट बघत होते ती त्यांच्या कागदाची.

आणि नवव्या दिवशी, गठ्ठ्यात साधारण चाळिसाव्या नंबरला, तो कागद माझ्या हातात आला. वळणदार, उर्दूत शिकलेल्या हाताचं नागरी अक्षर. वर मध्यभागी शीर्षक, खाली रेघ मारलेलं: राज़ीनामा.

 हेही सोडून चालले? मी शेवटची ओळ बघितली. "अपने मौजूदा पद पर फ़िदवी का आइंदा कोई दावा न रहेगा." म्हणजे अर्जदाराचा या पदावर यापुढे हक्क नाही. खाली सही. 'ज'खाली एक ठिपका होता; मला वाटलं, शाई सांडली.

मधला मजकूर मी वाचला नाही. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली. मधल्या सहा ओळी मी वाचल्या नाहीत, कारण शीर्षक मला कळलं होतं, शेवट कळला होता आणि पुढे अजून चोवीस कागद होते. मन रागावलंही होतं थोडं. ज्याच्यासाठी जागा राखली तोच उठून चालला! एवढीसुद्धा शंका आली नाही, की एकोणतीस वर्षं नोकरी झालेला माणूस स्वेच्छानिवृत्ती घेईल, राजीनामा कशाला देईल? राजीनामा दिला तर सरकारी माणसाची मागची सगळी नोकरी पुसली जाते आणि निवृत्तिवेतन बुडतं. हा नियम मी लोकांना शिकवत असे. दोन तरुण पोरांनी दुसऱ्या नोकऱ्या धरल्या म्हणून राजीनामे दिले होते. त्यांच्या गठ्ठ्यात मी रिझवी साहेबांचा कागद ठेवला. समासात लिहिलं, "स्वीकृत". खाली सही केली. सेलच्या यादीतली अकरावी जागा रिकामी सोडली आणि दिल्लीवर टाकली.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. डिस्पॅचच्या टेबलावर त्यांनी आपला कागद पाहिला होता. चेहरा खुललेला. "मेश्राम साहिबा, आपने 'स्वीकृत' लिख दिया. बहुत-बहुत शुक्रिया. घर में सब दुआ दे रहे हैं." मी म्हटलं, "आप ख़ुश हैं तो ठीक है. हमें तो अफ़सोस है." ते जरा थबकले. मग हसून म्हणाले, "अफ़सोस कैसा? नई जगह है, नया काम है." मला वाटलं, यांनी बाहेर काहीतरी धरलंय. मी त्यांना शुभेच्छा दिल्या. त्यांनी मला खिशातून एक वेलदोडा काढून दिला. एकाच शब्दावर दोन माणसं समाधानानं आपापल्या टेबलाकडे गेली, आणि यादी गुरुवारच्या टपालानं दिल्लीला गेली.

रविवारी सकाळी शेजारच्या त्रिवेदी भाभी ताटलीत बुंदीचे लाडू घेऊन आल्या. खूश होत्या. "लीजिए, मुँह मीठा कीजिए. हमारे यहाँ राज़ीनामा हो गया."

मी ताटली तशीच धरून उभी. "अरे... भाईसाहब का?"

"हाँ, इन्हीं का. ग्यारह साल बाद."

"फिर अब... घर कैसे चलेगा?"

भाभी माझ्याकडे बघत राहिल्या. मग जोरात हसल्या. "अरे नौकरी नहीं छोड़ी! जेठजी से मकान का मुक़दमा था न, उसमें राज़ीनामा हो गया. दोनों भाई राज़ी हो गए. काग़ज़ पर दस्तख़त हो गए."

आतून मुलगी ओरडली, "मम्मी, राज़ीनामा मतलब समझौता! नौकरी छोड़ने वाला तो इस्तीफ़ा होता है!"

लाडू चांगले असणार. मला चव लागली नाही. राज़ी-नामा. राजी असल्याचा कागद. शब्द तर सरळ आहे, आपणच त्याला मराठीत आणून वाकडं केलंय. शाईचा डाग वाटलेला तो ठिपका डोळ्यांपुढून हलेना. आमच्या बाराखडीत तो नाही, म्हणून माझ्या डोळ्यांना तो दिसूनही दिसला नव्हता. परिपत्रकाच्या शर्तींना राजी आहे, सेलमध्ये जायला राजी आहे, असं त्या माणसानं आपल्या भाषेत, आपल्या अदबीनं लिहून दिलं होतं. आणि मी त्याला नोकरीतून काढलं होतं. निवृत्तिवेतनासकट.

नवरा म्हणाला, "उद्या ऑफिसात बघ की. आज काय करणार?" पण मला घरात बसवेना. सरोजिनी नगर शहराच्या दुसऱ्या टोकाला, कानपूर रोडवर. दोन टेंपो बदलून, विचारत विचारत मी पोचले. रिझवी साहेब दारात बाजेवर बसून उन्हात तसबीची माळ फिरवत होते. मला बघून गडबडीनं उठले. आत चहा सांगितला. बेगम पडद्याआडून म्हणाल्या, "इन्हीं ने मंज़ूर किया है? ख़ुदा सलामत रखे." मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

मी सांगून टाकलं. जसं झालं तसं. मराठीत त्या शब्दाचा अर्थ काय, मी काय वाचलं, काय वाचलं नाही, आणि यादी कुठे गेली.

 त्यांच्या हातातली माळ थांबली होती. मग म्हणाले, "यानी आपने मुझे मुबारकबाद दी थी मेरे जाने की."

"जी."

"और मैंने आपको इलायची खिलाई."

मला रडू आलं. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. एवढंच विचारलं, "पेंशन?" मी मान खाली घातली. आत कपबशीचा आवाज थांबला. "अंदर मत बताइएगा अभी," ते हळूच म्हणाले. तो चहा मी कसा प्यायले, माझं मला माहीत.

सोमवारी ऑफिस उघडण्याआधी मी साहेबांच्या दारात. संचालक टंडन साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांना कुठलीही गोष्ट मागे वळलेली आवडायची नाही. "लिस्ट वापस मँगाऊँ? पूरा सेल अटक जाएगा." मी म्हटलं, सेल अटकू दे. इतकं मोठ्यानं मी त्यांच्यासमोर कधी बोलले नव्हते. त्यांनी दिल्लीला फोन लावला. तिकडचा अधिकारी म्हणाला, आदेश अजून निघालेले नाहीत, दोन दिवसांत निघतील. आदेश निघाला की काही करता येणार नाही. त्याआधी लेखी पाठवा, चूक काय आणि चूक कुणाची.

कुणाची. सरकारी फायलीत हा सगळ्यात अवघड शब्द. तिथे चुका होतात, पण करत कुणी नाही. शुक्लाजींनी मला बाजूला घेतलं. मनापासून मदत म्हणूनच. "देखिए मैडम, सीधी-सी बात है. लिख दीजिए, टंकण त्रुटि. सूची टाइप करने में नाम इधर का उधर हो गया. रिज़वी भी बच जाएँगे, आप भी."

"और मालती?"

यादी मालतीनं टाइप केली होती. हंगामी टायपिस्ट, दर तीन महिन्यांनी मुदतवाढ मिळणारी.

"उसका क्या है, टेम्परेरी है," शुक्लाजी म्हणाले.

खोटं कशाला बोलू, तसंच लिहावं असा विचार मी केला. पूर्ण अर्धा तास केला. पाय हलवत बसले होते. समोर मालती दुसऱ्याच कुठल्या पत्राचा कार्बन लावत होती. मी परप्रांतातली, माझ्या आडनावावरून आधीच कुजबुज, कोट्यातून आलेली बाई म्हणून दोन-तीन डोळे कायम माझ्या चुकीची वाट बघत बसलेले. त्यांच्या हातात मी स्वतः लेखी पुरावा द्यायचा? माझे बाबा नागपुरात रेल्वेत खलाशी होते. ते म्हणायचे, आपल्याला दुसऱ्यापेक्षा दुप्पट बरोबर असावं लागतं. बरोबर असायची वेळ निघून गेलेली होती. आता खरं असणं तेवढं हातात उरलं होतं.

मी टिपणी लिहिली, स्वतःच्या अक्षरात: "उक्त त्रुटि टंकण की नहीं, अधोहस्ताक्षरी की है. अधोहस्ताक्षरी की मातृभाषा मराठी में राजीनामा का अर्थ त्यागपत्र होता है. पूरा पत्र पढ़े बिना स्वीकृति दी गई." टंडन साहेबांनी ती दोनदा वाचली. "पक्का? ये फ़ाइल में रहेगा, हमेशा." मी म्हटलं, राहू दे. शुक्लाजींनी कपाळाला हात लावला. त्याच दिवशी टिपणी फॅक्सनं गेली आणि पुढचे दोन दिवस फोन वाजला की माझ्या हातातलं पेन खाली पडायचं.

बुधवारी दुपारी उत्तर आलं. राजीनामा रद्द. रिझवी साहेबांची नोकरी शाबूत, मागची एकोणतीस वर्षं शाबूत. मी ते कागद घेऊन जिना धावत उतरले. चाळिशीतली बाई ऑफिसात धावते म्हणून लोक बघत होते. रिझवी साहेबांनी पत्र वाचलं. सगळं वाचलं, मधलंही. मग बोटानं एक ओळ दाखवली.

सेलच्या अकरा जागा भरल्या होत्या. अकरावी मी रिकामी सोडली होती, तिथे दिल्लीनं आपला माणूस दिला होता. त्याची सासुरवाडी लखनौची, तो कधीचा बदली मागत होता. म्हणून श्री. रिझवी जादा कर्मचारी, नेमणूक कानपूरला, एका दुसऱ्याच खात्याच्या लेखनसाहित्य भांडारात.

"चलिए," ते म्हणाले, "सड़क तो वही है. बस उलटी तरफ़ की पकड़नी है."

घरापासून कानपूर रोडनं इतकी वर्षं ते उत्तरेला येत होते, आता दक्षिणेला जाऊ लागले. टाक्यांवरून अंगठा फिरवणारा माणूस पेन्सिली आणि रिमं मोजू लागला. माझ्या गोपनीय अहवालात त्या वर्षी शेरा आला: राजभाषेचं कार्यसाधक ज्ञान अपुरं. त्याच्या आदल्याच सप्टेंबरात हिंदी पंधरवड्यात निबंधाला मला दुसरं बक्षीस मिळालं होतं, भिंतीवरचं घड्याळ. ते अजून चालतं. पदोन्नती मात्र चार वर्षं थांबली. त्याचं मला फार वाटलं नाही. खोटं, वाटलं. पण तक्रार करायला तोंड नव्हतं.

सेल सुरू झाला. पाटी पक्की झाली, कूलर आला, जिनिव्हाला कुणी गेलं नाही. पहिल्याच वर्षी चिकन भरतकामाच्या एका व्यापाऱ्याचे कुर्ते परदेशी बंदरात अडकले. हातकाम की यंत्रकाम, यावर वाद. तो सेलमध्ये नमुना घेऊन आला. अकरा जणांनी कुर्ता हातात घेतला, कुणीच उलटा करून बघितला नाही. व्यापारी म्हणाला, "वो रिज़वी साहब कहाँ बैठते हैं आजकल?" जो तो आपापली फाईल चाळू लागला. मी आस्थापनेतली, माझा या चर्चेशी संबंध नव्हता. तरी मी उठून त्याला सरोजिनी नगरचा पत्ता लिहून दिला. पुढे हे नेहमीचं झालं. रविवारी रिझवी साहेबांच्या बाजेभोवती कुर्ते आणि साड्या घेऊन माणसं बसलेली असायची. ते सांगायचे, लोक लिहून घ्यायचे, आणि सोमवारी तेच सेलच्या लेटरहेडवर जायचं, दुसऱ्याच कुणाच्या सहीनं. एवढ्या मोठ्या बदलाची तयारी लखनौत झाली ती निम्मी त्या बाजेवर. कागदावर ती कुठेच नाही.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात ते ऑफिसात आले. तीन वर्षं होत आली होती. तेच करडं जाकीट, कोपरावर ठिगळ. माझ्या टेबलासमोर बसले आणि जाकिटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला स्टँप पेपर काढला. "एक दस्तख़त चाहिए."

माझे पाय हलू लागले. मी घडी उघडली. वर मध्यभागी, वळणदार अक्षरात, खाली रेघ मारून: राज़ीनामा. 'ज'खाली ठिपका, ठळक, दोनदा गिरवलेला.

मी वाचू लागले. या वेळी पहिल्या शब्दापासून. प्रथम पक्ष, रिज़वी, साकिन सरोजिनी नगर. द्वितीय पक्ष, मेश्राम, साकिन विकास नगर. नाव बरोबर, प्रत्येक अक्षर. पुढे कोर्टाच्या भाषेत लिहिलं होतं, की फ़रीक़ैन यानी दोनों पक्षों के बीच एक लफ़्ज़ को लेकर जो मामला था, वह आपसी रज़ामंदी से ख़त्म हुआ. प्रथम पक्ष को द्वितीय पक्ष से अब कोई शिकायत नहीं. मधोमध, सहाव्या ओळीत, एक अट होती: द्वितीय पक्ष आइंदा हर काग़ज़ का बीच का हिस्सा भी पढ़ेगा.

मी वर बघितलं. ते वाटच बघत होते. "पढ़ लिया?"

"सब."

"बीच का?"

"बीच का भी."

"तो फिर लिखिए."

मी म्हटलं, "मैं आपकी वो जगह वापस नहीं दिला सकी." हे मला तीन वर्षं त्यांना सांगायचं होतं.  "नहीं दिला सकीं," ते म्हणाले. 'तसं काही नाही' म्हणाले नाहीत, 'जाऊ द्या' म्हणाले नाहीत. मग समासातल्या मोकळ्या जागेवर त्यांनी अंगठा ठेवला, कापडावर ठेवायचे तसा.

"वही लिखिए, जो पहली बार लिखा था."

मी पेन उघडलं, पूर्ण कागद आणखी एकदा वरपासून खालपर्यंत वाचला, आणि समासात लिहिलं, "स्वीकृत".